मातीच तर आहे!

होसकोटे शहाजीराजांच्या जहागिरीत होते, हे येथे बदलून आलेला मराठी अधिकारी अभिमानाने सांगतो. बंगळूरची चित्रकला परिषद भरवीत आलेल्या चित्रसंतेत, वा तसल्याच कलाजत्रेत, तोच गृहस्थ तसबिरीची किंमत मुकाट्याने मोजतो. बागेत ठेवावयाच्या मृत्तिकाशिल्पापाशी मात्र ‘मातीच तर आहे’ म्हणून निम्म्याने मागतो. अहो, ही माती उघड्यावर पाणी पिऊ नये म्हणून बाराशे अंशांच्या आसपास भाजावी लागते. आत ओल उरली, की महिन्याचे काम भट्टीत फुटते. त्या खापरांचे मोल कोणी द्यावयाचे? सिमेंटचा साच्यातला बगळा स्वस्त मिळतो, तो खुशाल न्यावा. त्याच्या भावात हाताने घडविलेला मोर मागण्याचा आपणांस अधिकार काय?