फीमाफी आणि आमिष
कंग्राळीहून बेळगाव ओलांडलं की हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध लागतं. डिसेंबर २०२१मध्ये कर्नाटकचं धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत मंजूर झालं ते तिथंच. फसवणुकीला शिक्षा हवीच, त्यात वाद नाही. पण या कायद्यानं धार्मिक संस्थेच्या शाळेतलं मोफत शिक्षणही आमिषात मोजलं आणि पुराव्याचा भार आरोपीवरच टाकला. मग गरीब पोराची फी माफ करणाऱ्या ख्रिस्ती मुख्याध्यापकानं करायचं काय? मिशनऱ्यांनी सेवेआडून माणसं ओढली, हा आक्षेप अगदीच हवेतला नाही. म्हणूनच मदतीला प्रार्थनेची अट चर्चनं कधीच जोडू नये. मात्र बिनशर्त मदतही भीतीपोटी आखडती घेणं म्हणजे श्रद्धेतूनच माघार. सरकार बदलल्यावर जून २०२३मध्ये मंत्रिमंडळानं कायदा रद्द करायचं ठरवलं. फीमाफी त्याआधीही चालूच राहायला हवी होती.