लईबवर हसलो म्हणून

2026 च्या फुटबॉल विश्वचषकाचे शुभंकर पाहिलेत का? कॅनडाचा मेपल नावाचा मूस, मेक्सिकोचा झायू जॅग्वार आणि अमेरिकेचा क्लच गरुड. तिघांची चेष्टा सुरू झाली, आणि मला आमचं 2022 चं भांडण आठवलं.

1 एप्रिल 2022 ला दोह्यात विश्वचषकाची सोडत होती. त्याच कार्यक्रमात कतारचा शुभंकर 'लईब' जगासमोर आला. अरबांच्या डोक्यावरचा पांढरा रुमाल, त्यालाच डोळे, भुवया आणि हसरं तोंड. अंग नाही, पाय नाहीत, नुसता तरंगणारा. रमजानचा चंद्र दिसायला अजून एक दिवस होता, पण महाड-पोलादपूरच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी हाच उगवला. कुणी म्हणालं कॅस्पर भूत. मी लिहिलं, "आमच्या खालाची वाळत घातलेली चादर वाऱ्यानं गेली होती, ती दोह्यात सापडली." अर्ध्या तासात एका बुजुर्गांची ताकीद आली: हा आपल्या लिबासचा अपमान आहे, ज्यांच्या रियालवर कोकणातली घरं उभी राहिली, त्यांची मजाक उडवू नका. खाली वीस-पंचवीस जणांनी हात जोडले. माझा मेसेज मी काढला नाही, आणि आजही माझं म्हणणं तेच आहे.

शुभंकर हसण्यासाठीच असतो. 1966 मध्ये इंग्लंडनं विली नावाचा सिंह काढला, तेव्हापासून विश्वचषकाला ही रीत आहे. 2006 ला जर्मनीनं गोलिओ सिंहाला जर्सी घातली आणि चड्डी घालायला विसरले. खुद्द जर्मन माणसंच त्यावर खदखदली. 2012 च्या लंडन ऑलिंपिकचा वेनलॉक तर एकाच डोळ्याचा होता. या कुणाचा धर्म बुडाला नाही. आणि 'लईब' हा शब्द कुठला? आपण उर्दूत 'लहव-ओ-लअब' म्हणतो ना, खेळ-तमाशा, त्याच धातूतला. अरबीत त्याचा अर्थ पट्टीचा खेळाडू. ज्याच्या नावातच खेळ आहे, त्याच्यावर हसायला परवानगी कुणाची काढायची?

मला खरा राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. रुमालासाठी हात जोडणाऱ्यांत असे लोक होते, ज्यांच्या घरातली माणसं कफीलच्या हाताखाली वर्षानुवर्षं राबली. कतारमध्ये 2020 पर्यंत मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलता येत नव्हती. कुणाचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात, कुणाचा पगार अडकलेला, कुणाला मय्यतीला यायला रजा नाही. हे सगळं आपण ऐकलंय, आणि "नशीब" म्हणून गप्प बसलोय. भरउन्हात जे स्टेडियम बांधताना परदेशी मजूर मेले, त्यांच्यासाठी त्या ग्रुपवर एकही हात जोडलेला मला आठवत नाही. कापडाच्या बाहुल्याचा अपमान झाला, तर मात्र सगळी उम्मत जागी!

आता टोपीवर हसणाऱ्यांकडेही वळू. 2024 ला पॅरिसनं ऑलिंपिकसाठी शुभंकर केला तोही डोक्यावरच्या कापडाचाच: लाल फ्रिजियन टोपी, फ्रेंच क्रांतीतली स्वातंत्र्याची खूण. आपल्या आजोबांच्या फोटोतल्या तुर्की टोपीची लांबची बहीण म्हणा. त्या टोपीला त्यांनी डोळे लावले, पाय लावले, नाचवली. त्याच फ्रान्सनं आपल्या खेळाडू मुलींना सांगितलं की हिजाब चालणार नाही. रिले धावणारी सुंकांबा सिला म्हणाली, डोक्यावरच्या रुमालामुळे मला उद्घाटन सोहळ्याला येऊ देत नाहीत. मग तोडगा निघाला: तिनं केसांवर कॅप घालावी! म्हणजे स्वातंत्र्याची टोपी मैदानात नाचणार आणि धावणाऱ्या मुलीला 'टोपी घालणार'. मराठीत या शब्दाचा जो अर्थ होतो, तोच. यावर पोटभर हसा. मी तर वर्गात हसून सांगितलं.

पण एक गोष्ट माझ्या अंगाशी आली, तीही सांगतो. त्याच वर्षी हिवाळ्यात तालुक्याच्या स्पर्धेत आमच्या भागातली नववीतली एक मुलगी स्कार्फ बांधून धावली. कडेला उभ्या मुलांनी "ए लईब, उड!" म्हणून आरडाओरड केली. ओरडणाऱ्यांत आपलीही मुलं होती. हे मुलीनं सांगितलं नाही, तिच्या आईनं सांगितलं, "सर, ती पुढच्या शर्यतीला नाव देत नाही म्हणते."

बुजुर्गांनी मला लगेच गाठलं: बघा, तुमच्या मजाकचं फळ! मी दोन रात्री विचार केला आणि तरी मानलं नाही. लईबच्या पाठीशी एक अख्खी सल्तनत आणि फिफाची तिजोरी होती. त्या मुलीच्या पाठीशी आई होती आणि एक जुनी बुटांची जोडी. लईबला कितीही हसा, तो शर्यत सोडून घरी जात नाही.

त्या ओरडणाऱ्यांतली तीन मुलं माझ्या वर्गातली होती. त्यांना मी उभं केलं, पण मारलं नाही. कतारचा नकाशा फळ्यावर काढला आणि विचारलं, तुमच्या घरातलं कोण कोण तिथे आहे, काय काम करतं, शेवटचं कधी आलं होतं. एकानं सांगितलं, अब्बा चार वर्षांपूर्वी. मग बाकीचे दोघेही बोलायला लागले, आणि तास संपेपर्यंत भूताचा विषय कुणी काढला नाही.

ती मुलगी पुढच्या वर्षी धावली. ग्रुपमधून मात्र मला काढलंय.