हात पोहोचेल एवढी जागा

एखादी वस्तू झिजणार हे नक्की माहीत असतं. तरी ती हात पोहोचणार नाही अशा जागी बसवायची, आणि झिजली की गाडीवाल्याला सांगायचं, “पूर्ण सेट बदलावा लागेल.” या व्यवहाराला आपण आजवर ‘डिझाइन’ म्हणत आलो. आता त्याला लूट म्हणू या.

उदाहरणाला गाडीचा वायपर घेऊ. कोल्हापुरात वायपरचं महत्त्व कुणाला सांगावं लागत नाही. जुलैत गगनबावड्याच्या पुढे घाट उतरायला लागा. पाऊस आणि धुकं एकदम अंगावर येतं, समोरची काच पांढरी होते. तिथे वायपर थांबला तर गाडीत किती एअरबॅग आहेत याला काही अर्थ उरत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये वायपर सक्तीचा केलाय तो उगाच नाही.

तर हा वायपर बंद पडतो कसा? बऱ्याचदा मोटर चांगली असते. बटण दाबलं की तिचा आवाज येतो, पण पातं हलत नाही. मोटरची गोल गती दांड्यांतून पात्यापर्यंत जाते. या दांड्या जिथे जोडलेल्या असतात तिथे गोळीवर बसणारा नायलॉनचा छोटा बुश असतो, सुपारीएवढा. तो झिजतो, दांडी सुटते, खेळ खलास. बिघाड एवढाच.

पण त्या बुशापर्यंत जायचं कसं? आधी पात्यांच्या दांड्या काढा. त्यांचे नट गंजून बसलेले. मग काचेखालची प्लॅस्टिकची जाळी उचला. तिच्या क्लिपा उन्हानं कडक झालेल्या, निम्म्या तिथेच तुटतात. त्याखाली पत्र्याच्या खोबणीत सगळी यंत्रणा. पाना लागतो, पण फिरत नाही. फिरला तर बोल्ट दिसत नाही. कितीतरी गाड्यांत मोटरसकट सगळा सांगाडा बाहेर ओढावा लागतो. एवढं करून काउंटरवर गेलात की उत्तर मिळतं : “बुश सुटा येत नाही, पूर्ण असेंब्ली घ्या.”

पैसेवाल्यांचीही यातून सुटका नाही. जुन्या मोटर यॉटवर वायपरच्या मोटरी छताच्या किंवा डॅशबोर्डच्या फळीमागे असतात. खाऱ्या हवेनं स्पिंडल जाम झाला की ती फळी उचकटल्याशिवाय हात आत जात नाही. गगनबावड्याची जुनी जीप आणि कोट्यवधींची बोट, दोघींचं दुखणं एकच. बनवणाऱ्यानं बसवण्याचा विचार केला, काढण्याचा केला नाही.

कारखान्यात सगळं सोपं असतं. आधी यंत्रणा बसते, मग तिच्यावर झाकणं चढतात. कामगाराला जागा मोकळी मिळते. दहा वर्षांनी दुरुस्ती करणाऱ्याला मात्र सगळी झाकणं उलट्या क्रमानं काढायची असतात, वाकून, पाठ मोडून. कंपनीनं वाचवलेली मिनिटं मेस्त्रीच्या मणक्यातून वसूल होतात.

आणि कधी कधी लहान हातांतून. जिथे मोठ्याचा पंजा जात नाही तिथे गॅरेजातल्या ‘छोटू’ला हाक मारली जाते, कारण त्याचा हात बारीक. चौदा वर्षांखालच्या मुलाला असं कामाला ठेवणं कायद्यानं गुन्हा आहे, आणि त्याची जबाबदारी गॅरेजवाल्याची आहेच. पण पोराचाच हात जाईल एवढी फट ठेवणाऱ्याला कुणी विचारतं का?

आपण काय करतो? जुगाडाची रील बनवतो. मेस्त्रीनं केबल टाय बांधून दांडी जागेवर बसवली, लाइक्सचा पाऊस. कौतुक त्याच्या हाताचं जरूर करा. पण जुगाडाला टाळ्या वाजवता वाजवता तो करायची वेळ कुणी आणली, हे आपण विसरतो. घाटात वायपर केबल टायवर चालावा ही अभिमानाची गोष्ट नाही.

कंपन्यांची उत्तरं पाठ आहेत. यंत्रणा झाकली की गाडी देखणी दिसते, पाणी-माती आत जात नाही. मान्य. झाकणाला कुणाचाच विरोध नाही, ते चार स्क्रूंनी निघावं एवढंच मागणं आहे. दुसरं उत्तर : बाहेरचे पार्ट नकली असतात. मग अस्सल बुश सुटा विका ना! अस्सल मिळत नाही, म्हणूनच नकलीचा बाजार चालतो.

आणि हे फक्त मेस्त्रीचं रडगाणं नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं, हा ठपका होता. कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्यात शेती अवजारं, मोबाइल आणि घरगुती उपकरणांबरोबर वाहनंही आहेत. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. फ्रान्सनं २०२१ पासून स्मार्टफोन, लॅपटॉप, वॉशिंग मशीनवर दुरुस्तीला किती सोपं याचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं केलं. गुण देताना वस्तू उघडायला किती सोपी आणि सुटे भाग केवढ्याला, हेही बघतात. तुमच्या हातातल्या फोनची बॅटरी गोंदानं चिकटवलेली असेल, तर हा प्रश्न तुमच्या खिशातही आहे.

कोल्हापूरनं याबाबत गप्प बसणं तर जास्तच खटकतं. १९१८ मध्ये बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात घडवला. यंत्र उघडून आत बघता येतं, हा विश्वास असल्याशिवाय असलं धाडस होत नाही. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फाउंड्रीत ओतलेले भाग देशभरच्या गाड्यांत बसतात. जो जिल्हा गाडीचे भाग ओततो, त्याच जिल्ह्यातल्या मेस्त्रीला एक नायलॉनचा बुश सुटा मिळू नये?

मागण्या तीनच. झिजणारा प्रत्येक भाग सुटा विकला जावा. तो काढायची-बसवायची माहिती कुणालाही मोफत वाचता यावी. आणि नव्या गाडीच्या माहितीपत्रात मायलेजशेजारी हेही छापावं : वायपरची यंत्रणा बदलायला किती मिनिटं लागतात, हेडलाइटचा बल्ब बदलायला किती.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर शोरूममध्ये गेलात की टचस्क्रीन नंतर बघा. आधी बॉनेट उघडायला लावा, काचेखालच्या जाळीकडे बोट दाखवा आणि विचारा, “याखालचा बुश झिजला तर सुटा मिळतो का?” सेल्समन गडबडेल. गडबडू दे. दिवसात दहा जणांनी विचारलं की प्रश्न वर जातो.