सॉफ्टवेअरची सरकारी खरेदी व वाजवी मोल

सार्वजनिक द्रव्य हें कोणा एकाचें नसतें, म्हणूनच तें स्वतःच्या पैशापेक्षां अधिक जपून खर्चावें, हें तत्त्व सर्वांस मान्य आहे. सरकारला बांक, खडू अथवा नळ घ्यावयाचे झाल्यास निविदा मागवाव्या आणि ठरलेल्या प्रतीचा माल जो सर्वांत कमी दरानें देईल त्याजकडून तो घ्यावा, हा नियम याच तत्त्वांतून निघाला. तो चांगला आहे. त्यानें वशिल्यास आळा बसतो. परंतु आज सरकारी कचेऱ्यांचें बहुतेक काम ज्या वस्तूवर चालतें, तें सॉफ्टवेअर या मापांत नीट बसत नाहीं. त्याचा भुर्दंड कोणास सोसावा लागतो, याचा विचार विद्यार्थ्यांनींही केला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाहीं. अंधेरीचा के-पश्चिम, बोरिवलीचा आर-मध्य, मुलुंडचा टी अथवा घाटकोपरचा एन, यांपैकीं कोणत्याही महापालिका-विभागाच्या कचेरींत जन्माचा दाखला मागावयास गेलें, तर तो संगणकांतूनच निघतो. त्याहून जवळचें उदाहरण परीक्षेचें आहे. या उपनगरांतील बहुसंख्य महाविद्यालयें ज्या मुंबई विद्यापीठास जोडलेलीं आहेत, त्यानें २०१७ सालीं सर्व शाखांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धति एकदम लागू केली आणि तें काम कंत्राटानें एका कंपनीकडे सोंपविलें. उत्तरपत्रिका १७ लाखांहून अधिक होत्या. कायद्याप्रमाणें निकाल फार तर ४५ दिवसांत लागावयास हवे. राज्यपालांनीं कुलपति या नात्यानें घालून दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली, आणि कित्येक निकाल सप्टेंबरांत लागले. दुसऱ्या विद्यापीठांत प्रवेश घेऊं पाहणाऱ्यांची त्यांत फार ओढाताण झाली. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत कुलगुरु डॉ. संजय देशमुख यांस पदावरून दूर करण्यांत आलें.

त्या कंत्राटाचा दर चढा होता कीं उतरता, हा वाद आम्ही येथें करीत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, दर कितीही कमी असला तरी विद्यार्थ्यांचे जे महिने वाया गेले ते त्या कागदावर कोठेंच मांडलेले नव्हते. जी किंमत निविदेंत दिसत नाहीं, तीच पुष्कळदां सर्वांत मोठी असते.

असें कां व्हावें? बांकाच्या किंमतींत लांकूड व मजुरी धरलेली असते. दुसरें बांक करावयास पुन्हां तितकेंच लांकूड लागतें. सॉफ्टवेअरचा सारा खर्च तें प्रथम रचण्यांत होतो. त्याची दुसरी प्रत काढावयास जवळजवळ कांहींच पडत नाहीं. म्हणून विकणाऱ्यास पहिला दर वाटेल तितका उतरवितां येतो. मग वार्षिक देखभालीची फी, प्रत्येक वापरणाऱ्यामागें परवान्याची रक्कम, आणि नियम बदलला कीं फेरफाराचें वेगळें बिल, असा क्रम सुरू होतो. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, अशी गत होते. एवढ्यांत वर्षानुवर्षांची माहिती त्याच प्रणालींत अडकून पडते, आणि दुसरा विक्रेता शोधणें हें राहतें घर मोडण्याइतकें अवघड होऊन बसतें. पहिल्या दिवशीं दहा जण स्पर्धेंत असतात. पांचव्या वर्षीं एकच उरतो.

यावर कोणी म्हणेल कीं, कमींत कमी दराचा नियम एकदां सैल केला, तर 'गुणवत्ता' या नांवाखालीं आपल्याच माणसास काम देण्यास वाट मोकळी होईल. ही भीति खोटी नाहीं. केंद्रीय अर्थखात्यानें ऑक्टोबर २०२१ मध्यें कांहीं खरेदींत गुणवत्तेसही गुण देण्याची मुभा दिली, ती हीच भीति ओळखून. सल्लागारीखेरीज इतर सेवांत हें वजन शेंकडा ३० हून अधिक असूं नये, असें बंधन त्यानें घातलें. आमच्या मतें दराचा नियम टाकूं नये. दर कशाचा मोजावा, एवढेंच सुधारावें.

त्यासाठीं पांच गोष्टी आवश्यक दिसतात. निविदेंत कामाचें वर्णन असावें, विशिष्ट कंपनीच्या मालाचें नसावें. तुलना पहिल्या वर्षाच्या किंमतीची न करतां देखभाल, फेरफार व शेवटीं सोडून जाण्याचा खर्च धरून निदान सात वर्षांच्या बेरजेची करावी. सरकारनें पैसे देऊन रचवून घेतलेल्या प्रणालीचा सोर्स कोड, म्हणजे तिची मूळ संहिता, आणि तींतील सर्व माहिती सरकारच्या हातीं असावी. आधीं लहान प्रमाणावर चाचणी घ्यावी व तींत प्रणाली उतरल्यावरच पुढील हप्ता द्यावा. आणि कोणत्या खात्यानें कशास किती मोजले, हें जाहीर करावें, म्हणजे एका नगरपालिकेस दुसरीचा दर पाहतां येईल.

यांत अशक्य असें कांहीं नाहीं. भारत सरकारनें २०१५ सालीं मुक्त सॉफ्टवेअरविषयीं जें धोरण जाहीर केलें, त्यांत प्रत्येक खरेदीच्या वेळीं मुक्त पर्यायाचाही विचार व्हावा आणि तुलना करतांना संपूर्ण आयुष्याचा खर्च धरावा, असें सांगितलेलेंच आहे. केरळ राज्यानें तर आपल्या सरकारी शाळांतील संगणक-शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवरच उभें केलें. मुक्त म्हणजे फुकट नव्हे. शिक्षकांस शिकवावें लागतें, देखभालीस माणसें लागतात. पण तो पैसा आपल्याच माणसांच्या ज्ञानावर खर्च होतो, व एकाशीं न पटल्यास दुसऱ्याकडे जाण्याची मोकळीक राहते. उणीव नियमांची नसून ते पाळण्याच्या आग्रहाची आहे.

बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून पुरा खर्च मोजावा, असा दृष्टांत शुभवर्तमानांत आहे. पाया घालून काम अर्धवट सोडणाऱ्यास लोक हंसतात. सरकारी प्रणाली अर्ध्यावर कोलमडली म्हणजे मात्र हंसूं येत नाहीं, कारण तिच्याखालीं आपणच सांपडतों. आज या शाळेच्या बांकांवर बसलेल्यांपैकीं कांहीं जण उद्यां अशा निविदा लिहितील, कांहीं त्या भरतील, आणि बाकीचे सर्व कर देऊन त्यांचें मोल चुकवितील. तिघांसही आमची एकच विनंति आहे: 'किती स्वस्त?' या प्रश्नाबरोबर 'किती वर्षांसाठीं, आणि बाहेर पडण्याची वाट कोणती?' हे दोन प्रश्न विचारल्यावांचून सही करूं नये, आणि कोणास करूंही देऊं नये.