क्विटो : सावकाश पाहण्याचे शहर

इक्वेडोरची राजधानी क्विटो सुमारे २,८५० मीटर उंचीवर, पिचिंचा ज्वालामुखीच्या कुशीत वसली आहे. विरळ हवेमुळे नवागताला साधा चढही दमवितो. म्हणून पहिला दिवस विश्रांतीसाठी राखावा आणि रोपवेने ३,९०० मीटरहून अधिक उंची गाठण्याचा मोह तेवढ्यापुरता आवरावा. दोन दिवसांत शहर ‘उरकू’ पाहणाऱ्यांना हा दिवस वाया गेल्यासारखा वाटतो. वास्तविक पुढील साऱ्या प्रवासाची ती सुरक्षित ठेव होय.

बहुतेकांची धाव शहराबाहेरील विषुववृत्ताच्या स्मारकाकडे असते. गंमत अशी, की आधुनिक मोजणीनुसार खरी रेषा त्या स्मारकापासून सुमारे २४० मीटर दूर आहे! क्विटोचे खरे वैभव त्याच्या जुन्या भागात आहे. १९७८ साली युनेस्कोच्या पहिल्याच जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाला. तेथील ‘ला कोम्पानिया’ या सुवर्णमंडित चर्चचे बांधकाम १६०५ ते १७६५ असे तब्बल १६० वर्षे चालले. १९९६ च्या आगीत होरपळलेले हे चर्च पुन्हा निगुतीने उभे करण्यात आले. जवळच्याच सान फ्रान्सिस्को चौकाखाली २०२३ पासून मेट्रो थांबते. तरीही चौकाचे जुने रूप कायम आहे.

सन २००० पासून येथे अमेरिकी डॉलर हेच चलन आहे. प्रवाशाने लहान रकमेच्या नोटा जवळ बाळगाव्यात. मात्र डॉलरइतकाच वेळही सढळ हाताने खर्चावा. दीड शतकाहून अधिक काळ घडलेले शिल्प दहा मिनिटांत पाहून निघणे हा त्या कारागिरांवर अन्यायच ठरेल.