बिनमिठाचे कचुंबर

पुलाव असो की साधी खिमा-खिचडी, कचुंबराशिवाय आपला दस्तरखान पुरा होत नाही. पण घरात कुणाला किडनीचा आजार निघाला की "अब्बांना वेगळे वाढा" सुरू होते. आजारापेक्षा हे वेगळे ताटच माणसाला जास्त लागते. म्हणून या महिन्यात आम्ही असे कचुंबर देत आहोत, जे सर्वांनी एकाच भांड्यातून घ्यावे.

साहित्य (चार जणांसाठी) : बारीक चिरलेला कोबी 2 वाट्या, काकडी 1, लहान कांदा 1, सिमला मिरची अर्धी, हिरवी मिरची 1, थोडा पुदिना व कोथिंबीर, सिरका 2 चमचे, तेल 1 चमचा, भाजलेल्या जिऱ्याची पूड अर्धा चमचा, चिमूटभर मिरपूड.

कृती : भाज्या स्वच्छ धुवाव्यात. चिरलेला कोबी अर्धा तास भरपूर कोमट पाण्यात ठेवून ते पाणी फेकून द्यावे. त्याबरोबर थोडे पोटॅशियम निघून जाते. कांद्यावर सिरका घालून दहा मिनिटे ठेवावा, उग्रपणा कमी होतो. मग सर्व एकत्र कालवावे. सिरक्याची तारीफ हदीसमध्ये आली आहे. इथे मिठाची उणीव तोच भरून काढतो. मीठ नसल्याने पाणी सुटत नाही, कचुंबर कुरकुरीत राहते.

टोमॅटो, बीट आणि दाण्याचे कूट आम्ही मुद्दाम घेतलेले नाही. त्यांत पोटॅशियम जास्त असते. कमजोर किडनीला ते नीट बाहेर टाकता येत नाही आणि रक्तात फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात.

मिठाचाही हिशेब पाहा. 1 लहान चमचा, म्हणजे सुमारे 5 ग्रॅम मिठात साधारण 2000 मिलिग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटना तंदुरुस्त माणसालाही दिवसभरात याहून कमी मीठ खायला सांगते. सैंधव, काळे मीठ, चाट मसाला यांतही सोडियम असतेच. बाजारातले 'लो सोडियम' मीठ तर किडनीच्या रुग्णाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नये. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेले असते.

प्रत्येक रुग्णाचे पथ्य सारखे नसते. किती खावे, हे रक्ताचा रिपोर्ट दाखवून डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

पहिले काही दिवस चव फिकी वाटेल, मग जिभेला सवय होते. ज्याला मीठ हवेच असेल त्याने आपल्या ताटात घ्यावे. भांड्यात मात्र कुणी टाकू नये.