सर्पगंधा वैद्याच्या अंगणात हवी

अनिद्रा, उन्माद आणि रक्तदाबवृद्धी यांच्या चिकित्सेत सर्पगंधेचा विचार न करणारा वैद्य विरळाच. १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या गुणांकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले, तर १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या लेखामुळे ती पाश्चात्त्य वैद्यकास परिचित झाली. परंतु फुललेली सर्पगंधा आपल्यापैकी किती जणांनी पाहिली आहे? आपली ओळख बहुधा पोत्यातील वाळलेल्या मुळांपुरतीच असते.

येथेच खरा धोका आहे. मूळ हेच औषधी अंग असल्याने प्रत्येक काढणीबरोबर रोप संपते. बेसुमार उपशामुळे १९९० पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. तुटवडा आला की भेसळ येतेच. मूळच्या अमेरिकेतील रौवोल्फिया टेट्राफायला या जातीची मुळे तिच्या नावाने खपवली जातात. ज्याने अस्सल रोप हाताळले नाही, त्याने ती ओळखावीत कशी?

म्हणून माझे आग्रहाचे मत असे, की प्रत्येक चिकित्सालयाच्या व औषधशाळेच्या आवारात सर्पगंधेची चार रोपे असावीत. ही मूळची वनातील झाडांखाली वाढणारी वनस्पती होय. आंब्याखालची विरळ सावली तिला मानवते. माती भुसभुशीत व पालापाचोळ्याच्या खताची असावी. पाणी साचल्यास मुळे कुजतात. पिकून काळसर झालेल्या फळांचे ताजे बी गर काढून रात्रभर भिजवावे, तरंगणारे टाकून द्यावे. उगवण कमीच होते, म्हणून बी सढळ हाताने पेरावे. मुळांच्या तुकड्यांपासूनही रोपे होतात. पावसाळ्याच्या प्रारंभी लागण करावी. तांबूस देठांवरील पांढऱ्या फुलांचे झुबके दिसले, की श्रमांचे सार्थक होते.

चार रोपांनी औषधशाळेची गरज भागणार नाही, हा आक्षेप रास्तच आहे. मुळे काढण्याजोगी होण्यास किमान दीड वर्ष लागते, शिवाय घरच्या मुळाचे वीर्य तपासल्याविना ते रुग्णास देणेही योग्य नव्हे. परंतु या रोपांचे प्रयोजन पुरवठा नसून परीक्षा आहे. हाताशी अस्सल नमुना असला, तर आलेला माल ताडून पाहता येतो आणि परत करण्याचे धैर्यही येते. औषधशाळाचालकांनी एक पाऊल पुढे टाकून लागवड करणाऱ्या शेतकऱ्यांकडूनच खरेदीचा करार करावा; जंगलातून उपटलेला स्वस्त माल नाकारावा.

द्रव्याची परीक्षा हा वैद्याचा धर्म आहे. तो व्यापाऱ्याच्या पावतीवर सोपवून चालणार नाही. येत्या पावसाळ्यात आरंभ करू या.